कृती : केक करा!

आपल्याला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना, परीक्षेचे सगळे प्रकार माहीत आहेत असा आपला समज असतो. युनिट टेस्ट, इन-सेम, एंड-सेम, ओरल, प्रॅक्टिकल, टर्मवर्क आणि सगळ्यांत अवघड म्हणजे सबमिशनच्या दिवशी सरांची सही मिळवणे! पण यातल्या कशातच न बसणारा एक प्रकार मला गेल्या वर्षी आमच्याच स्वयंपाकघरात सापडला. प्रश्नपत्रिकेत एकच ओळ. आपण कोणाला मार्क देतोय हे परीक्षकाला ठाऊक नाही. आणि निकाल लागला की उत्तरपत्रिका सगळ्यांनी मिळून खाऊन टाकायची!

सुरुवातीलाच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटवाली. लहानपणी मी एनिड ब्लायटनची पुस्तकं वाचली. त्यातली पोरं सुट्टीत चोर पकडायची आणि मधल्या वेळेत सारखी काहीतरी खात असायची. स्कोन, जॅम टार्ट, ट्रीकल... हे सगळे शब्द मला स्पेलिंगसकट पाठ होते, पण यातला एकही पदार्थ मी कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. आमच्या घरी मधल्या वेळेला शेंगदाण्याचा लाडू मिळायचा. त्यामुळे ‘द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’ हा कार्यक्रम पहिल्यांदा पाहिला तेव्हा जुन्या पत्रमित्राला प्रत्यक्ष भेटल्यासारखं वाटलं. अच्छा, तो ट्रीकल टार्ट म्हणजे तू होय!

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा कार्यक्रम ब्रिटनमध्ये २०१० साली बीबीसीवर सुरू झाला आणि २०१७ पासून चॅनल फोरवर गेला. हिरवळीवर एक मोठा पांढरा तंबू, त्यात ओव्हनच्या रांगा आणि भाग घेणारे सगळे हौशी. कोणी शिक्षक, कोणी नर्स, कोणी आजोबा. दर आठवड्याला तीन फेऱ्या. पहिली ‘सिग्नेचर’, म्हणजे आपला हातखंडा पदार्थ. तिसरी ‘शोस्टॉपर’, म्हणजे डोळे दिपवणारं काहीतरी भव्य. आणि मधली ‘टेक्निकल’. मला सांगायचंय ते या मधल्या फेरीबद्दल.

टेक्निकलमध्ये सगळ्यांना एकच पदार्थ करायचा असतो. तो कोणता हे आधी सांगत नाहीत. साहित्य देतात आणि कृतीचा एक कागद देतात, पण त्या कागदातली अर्धी माहिती गाळलेली असते! ओव्हन किती तापवायचा, किती वेळ ठेवायचं, कणीक कितपत सैल हवी, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. मग सगळ्या प्लेटा चौकड्यांच्या टेबलक्लॉथवर ओळीनं मांडतात आणि परीक्षक येतात. कोणती प्लेट कोणाची हे त्यांना माहीत नसतं. ते कापतात, चाखतात आणि शेवटच्या नंबरापासून पहिल्यापर्यंत क्रम लावतात.

हा कार्यक्रम आमच्या घरात मी आणला, पण त्याचं वेड लागलं ते बाबांना.

बाबा टूलरूममध्ये होते. आयटीआय करून फिटर म्हणून लागले आणि सत्तावीस वर्षं डाय-मोल्डची कामं केली. गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या कंपनीनं टूलरूम दुसऱ्या राज्यात हलवली आणि इथल्या लोकांना हिशोब देऊन घरी पाठवलं. बाबांचं वय एक्कावन्न. पहिले दोन महिने ते रोज ठरलेल्या वेळी उठायचे, दाढी करायचे आणि मग बाल्कनीत उभे राहायचे. आई पतसंस्थेत नोकरीला आहे. ती डबा घेऊन निघायची तेव्हा बाबा पेपरमध्ये डोकं घालायचे. जिन्यात खालच्या मजल्यावरचे काका भेटले की हमखास विचारायचे, “काय, जमलं का कुठे?” काकांचा स्वभाव वाईट नाही. पण तो प्रश्न टाळायला बाबा भाजी आणायलासुद्धा दुपारी दोन वाजता, जिना रिकामा असताना जायला लागले.

अशाच एका रात्री मी लॅपटॉपवर बेक ऑफ बघत होते आणि बाबा मागे येऊन उभे राहिले. फेरी जाफा केकची होती, २०१६ सालची. बारा नग, सगळे एकसारखे. खाली केक, त्यावर संत्र्याच्या जेलीची चकती आणि वरून चॉकलेट. बाबांनी विचारलं, “ते पाहुणे काय बघतायत?” म्हटलं, “सगळे एका मापाचे झालेत का ते.” बाबा खाली बसले आणि म्हणाले, “म्हणजे इन्स्पेक्शनच की!”

त्या दिवसापासून आमचं रोजचं ठरलं. मी भाषांतर करायची आणि बाबा वहीत लिहून घ्यायचे. बाबा मराठी माध्यमातले, त्यामुळे यात मजा यायची. ‘डो प्रूव्ह करा’ याचं मराठी काय? बाबा म्हणाले, “पीठ सिद्ध करायचं? भूमितीसारखं?” मी हसले, पण ते अगदीच चुकीचं नव्हतं. यीस्ट कोमट पाण्यात घालून फेस येतोय का बघतात तेव्हा ते जिवंत असल्याचं सिद्धच तर होतं! ‘क्रम्ब’ हा शब्द मी डिक्शनरीत पाहिला तर ‘चुरा’ असं दिलेलं. परीक्षक केक कापून आत बघतात ते चुरा नक्कीच नाही. आई आतून ओरडली, “अगं, जाळी म्हण जाळी! अनारशाला पडते ती.” इतका नेमका शब्द आपल्याकडे आधीपासून होता. आणि ज्या ‘सॉगी बॉटम’ला तिकडचे सगळे घाबरतात, त्याला आजीनं एका फटक्यात नाव दिलं : बूड ओलं राहिलं.

पहिला प्रयोग अर्थात ट्रीकल टार्टचा, माझ्या हट्टापायी. २०१२ च्या एका टेक्निकलमध्ये हा होता. मैद्याची पारी, आत ब्रेडचा चुरा आणि गोल्डन सिरप, वरून पट्ट्यांची विणलेली जाळी. गोल्डन सिरप आणायचं कुठून? बाबा म्हणाले, “साखर कारखान्याच्या आसपासचंच काहीतरी असणार. काकवी घालू.” काकवी म्हणजे तो सिरप नव्हे, पण जवळचा नातेवाईक नक्कीच. बाबांनी वरच्या पट्ट्या स्टीलच्या पट्टीनं मोजून कापल्या, प्रत्येक बारा मिलिमीटर! सारणात अंडं नव्हतंच आणि वरून हात फिरवला तो दुधाचा, त्यामुळे आजीलाही चाललं. तिनं एक तुकडा खाऊन निकाल दिला, “पुरणपोळीचा भाऊबंद आहे. पण तूप लागेल.” आणि खरंच तूप घेतलं!

आता आमच्या ओव्हनबद्दल. तो अठ्ठावीस लिटरचा ओटीजी, आईला भिशीच्या पैशातून घेतलेला. बटणावर १८० लिहिलंय म्हणून आत १८० असतं असा माझा भाबडा विश्वास होता. बाबांचा नव्हता. “गेज कॅलिब्रेट केल्याशिवाय त्याच्यावर माप घ्यायचं नाही,” हे त्यांनी सत्तावीस वर्षं पाळलेलं. त्यांनी ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर आणला आणि एक अख्खा दिवस रिडिंग घेत बसले. बटण १५० वर, आत १७०. बटण १८० वर, आत २०५. मागच्या उजव्या कोपऱ्यात आणखी जास्त. शिवाय थर्मोस्टॅट कांडी चालू-बंद करतो तसं तापमान वरखाली होत राहतं ते वेगळंच. त्यांनी चार्ट करून ओव्हनच्या बाजूला चिकटवला. मेट्रॉलॉजीच्या पेपरात ‘एरर’ आणि ‘करेक्शन’ यांच्या व्याख्या मी दोनदा लिहिल्यात. पण करेक्शन म्हणजे नेमकं काय ते मला त्या चिकटवलेल्या चार्टपाशी कळलं.

एकदा आठ पदरांच्या वेणीचा पाव झाला. तोही २०१२ चाच. कणकेच्या आठ दोऱ्या करून त्या नंबरानं एकमेकींवरून न्यायच्या. बाबांनी आधी विजेच्या वायरचे आठ रंगीत तुकडे घेतले, टोकं टेबलाला चिकटपट्टीनं लावली आणि तीन संध्याकाळी नुसता सराव केला. आई बघत होती. तिसऱ्या दिवशी तिला राहवेना. “अहो, सरका जरा,” म्हणाली आणि माझ्या दहावीपर्यंतच्या वेण्या घालून तयार झालेल्या बोटांनी तिनं ती वेणी चार मिनिटांत विणली. कागद न बघता! बाबा आधी वायरींकडे आणि मग आईकडे बघत राहिले. त्या दोघांना असं एका टेबलावर वाकलेलं मी दिवाळीनंतर पहिल्यांदा पाहत होते.

आणि मग आला विक्टोरिया सँडविच.

नाव सँडविच असलं तरी हा केक आहे. राणी विक्टोरियाच्या नावाचा, दोन थरांचा आणि मध्ये जॅम. २०१६ च्या फायनलमध्ये टेक्निकलला हाच दिला होता. तीन जण उरलेले. त्यांनी कागद उलटला तर त्यावर कृती म्हणून एवढंच : विक्टोरिया सँडविच करा. बस्स! ना माप, ना तापमान, ना वेळ. त्या तिघांमध्ये अँड्र्यू स्मिथ नावाचा एक एअरोस्पेस इंजिनिअरही होता, बरं का.

बाबांना हे इतकं आवडलं की त्यांनी जाहीर केलं, “आपण घरात लावू. अगदी नियमानं.” स्पर्धक तीन : बाबा, आई आणि माझा दहावीतला भाऊ. मी वेळ मोजणारी. परीक्षक बाहेरचा हवा, ज्याला कोणाचं काय ते माहीत नाही. बाबा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “खालच्या काका-काकूंना बोलाव.” मी बघतच राहिले. ज्यांना टाळायला हे दुपारी दोनला भाजी आणतात, त्यांनाच?

रविवार ठरला. ओव्हन एकच, म्हणून पाळीपाळीनं. या केकचं गुपित असं, की त्याला माप लागतच नाही, लागतं गुणोत्तर. अंडी कवचासकट तोलायची. जेवढं त्यांचं वजन तेवढंच लोणी, तेवढीच साखर, तेवढाच मैदा. तिकडच्या पुस्तकांत चार अंड्यांना सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास धरतात. आपली अंडी बहुतेक वेळा लहान असतात, त्यामुळे पुस्तकातला आकडा जसाच्या तसा उचलला तर गणित बिघडतं. बाबांनी हे वहीतल्या जुन्या नोंदींवरून बरोबर शोधलं आणि अंडी तोलली. आईनं काहीच तोललं नाही. वाटीनं घेतलं, बोटांनी चाचपलं, दुधाचा एक थेंब जास्त घातला. भावानं मैदा घेतला तो नुसताच. तिकडच्या ‘सेल्फ-रेझिंग’ पिठात बेकिंग पावडर आधीच मिसळलेली असते आणि आपल्या मैद्यात ती आपण घालायची असते, हे त्याच्या गावीही नव्हतं. (१८४३ साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी बेकिंग पावडर शोधून काढली नसती तर आपण सगळेच भावाच्या जागी असतो!)

संध्याकाळी पाच वाजता आईचा चौकड्यांचा टॉवेल टेबलावर पसरला. तीन प्लेटा. प्रत्येक प्लेटखाली नावाची चिठ्ठी उपडी. तिघे स्पर्धक आतल्या खोलीत. काका-काकू आले तेव्हा त्यांना वाटलं होतं चहा-बिस्किट असेल. मी नियम सांगितले तसे काका एकदम खुर्चीत ताठ बसले.

तिसरा नंबर ठरायला वेळ लागला नाही. भावाचा केक काकांनी सुरीनं कापला तेव्हा आवाज आला. “ही दशमी छान आहे,” काकू म्हणाल्या. उरलेल्या दोन प्लेटांवर मात्र दोघं अडली. काकांनी चष्मा वर केला, वाकून बाजूनं बघितलं, पुन्हा कापलं, पुन्हा खाल्लं. शेवटी एक प्लेट पुढे सरकवून म्हणाले, “हा पहिला. तोंडात विरघळतो. पण हा दुसरा बघ. दोन्ही थर कसे एका उंचीचे आहेत, सूतभर फरक नाही. खाताना जरा घट्ट लागतो, पीठ जास्त फेटलं असेल. पण ज्यानं केलाय ना, त्याचा हात बसलेला आहे.”

चिठ्ठ्या उलटल्या. पहिली आई. दुसरे बाबा.

काका क्षणभर काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “हा तुम्ही केला?” बाबा म्हणाले, “हो. फेटताना जास्त झालं, बरोबर आहे तुमचं. पुढच्या वेळी मैदा हातानं, वरखाली करून मिसळतो.” आणि दोघं त्या केकवर असे बोलत बसले, जसं शिफ्ट सुटल्यावर दोन कामगार गेटवर बोलतात.

रात्री भांडी आवरताना मी बाबांना म्हटलं, “दुसरा नंबर आला म्हणून वाईट वाटलं का?” ते म्हणाले, “छे गं. सात ठिकाणी जाऊन आलो मी. सगळीकडे पहिला प्रश्न जन्मतारीख. आज वर्षभरानं कोणीतरी वय न विचारता माझा जॉब तपासला. रिजेक्ट केला असता तरी चाललं असतं.”

मला यावर काय बोलावं ते सुचलं नाही. ओटा पुसत राहिले.

नंतर मी विचार करत बसले, की बाबांना टेक्निकलच का आवडते. टूलरूममध्ये भोक बरोबर पडलंय का हे बघायला गो-नोगो गेज असतो, आपण सेकंड इयरला पाहिलाय. एक टोक आत गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये. त्या गेजला जॉब कोणी केला हे कळत नाही. करणारा नवा की जुना, इंग्रजी बोलतो की मराठी, एक्कावन्न वर्षांचा की एकवीस, गेजला काही घेणं नाही. बाबांनी सत्तावीस वर्षं अशा न्यायात काढली. नंतर एकदम अशा जगात येऊन पडले जिथे जॉब कोणी बघतच नाही, फक्त फॉर्म बघतात. त्या चौकड्यांच्या कापडावर त्यांना आपला जुना न्याय परत दिसला.

या स्पर्धेत २०१८ साली जिंकलेल्याचं नाव ऐकून तर बाबा खूशच झाले. राहुल मंडल, आपल्या बंगालचा. पीएचडीसाठी ब्रिटनला गेला आणि केक करायला तिकडे गेल्यावर शिकला. विषय काय होता माहितीय? ऑप्टिकल मेट्रॉलॉजी! प्रकाशाच्या साह्यानं मापं घेणं. बाबा म्हणाले, “मग बरोबर आहे. मापवाला माणूस आहे.” २०२१ चा विजेता ज्युसेप्पे देल’आन्नो हाही इंजिनिअरच. आणि जिंकून मिळतं काय? रोख रक्कम नाही, गाडी नाही. केक ठेवायचा एक काचेचा स्टँड आणि फुलं. आई म्हणाली, “एवढ्यासाठी?” बाबा नुसते हसले.

आता खरं ते सांगते, गोष्टीचा शेवट गोड करायचा म्हणून काही वाढवत नाही. बाबांनी बेकरी काढली नाही. शेजारच्या बायका “ऑर्डर घ्या की!” म्हणाल्या तेव्हा त्यांनी हात जोडले. आठव्या ठिकाणी, एका छोट्या वर्कशॉपमध्ये, मालकांनी जन्मतारीख विचारली तेव्हा बाबा म्हणाले, “एक जॉब द्या, करतो. नाव न लिहिता तुमच्या इन्स्पेक्शनला पाठवा.” मालकांनी दिला. सध्या बाबा आठवड्यातले तीन दिवस तिथे जातात. ठेक्यावर. पैसे पूर्वीच्या निम्मेही नाहीत आणि पुढचं काही नक्की नाही. घरात ताण आहेच, माझ्या फीची तारीख जवळ आली की आई-बाबा हळू आवाजात बोलायला लागतात. पण बाबा जिन्यातून सकाळी जातात. आणि काका विचारतात, “काय, या रविवारी काय आहे?”

मित्रांनो, पुढच्या वर्षी आपले कॅम्पस इंटरव्ह्यू. तिथे साठ टक्क्यांची अट असेल, अ‍ॅप्टिट्यूड असेल, कॉन्व्हेंटची इंग्रजी मला थोडी उपयोगीही पडेल. पण मला भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. आपल्या जर्नलमध्ये एम आहे, अ‍ॅपरेटस आहे, प्रोसिजर आहे, ऑब्झर्व्हेशन टेबलच्या रकानेसुद्धा आखून दिलेले आहेत. आपल्यासमोर कोणी असा कागद ठेवला ज्यावर फक्त ‘गिअर करा’ किंवा ‘पंप तपासा’ एवढंच लिहिलंय, तर? मधलं सगळं जे गाळलंय ते आपल्या हातात असेल का? आईच्या बोटांत ती वेणी होती. बाबांच्या नजरेत ते सूत होतं. तेच खरं शिक्षण, असं मला हल्ली वाटायला लागलंय.

म्हणून एक सुचवते. या सेममध्ये एखादं तरी प्रॅक्टिकल जर्नल बंद ठेवून करून बघा. वर फक्त शीर्षक लिहा. बघू कुठे अडतंय. ज्या ओळीपाशी अडाल, तेवढीच ओळ शिकायची राहिलीय.

आणि हो, या रविवारी जाफा केक आहेत. बारा नग, एका मापाचे. बाबांनी व्हर्निअर पुसून ठेवलाय. ज्यांना परीक्षक व्हायचंय त्यांनी यावं, मात्र कोणत्या प्लेटी कोणाच्या हे विचारायचं नाही!

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी